अर्धा सूर वर

चौदा पेपर आणि चौदाही पेपरांत एकच चूक. पहिल्या तिघांपर्यंत मला काही वाटलं नाही, पोरं चुकतातच, त्याचसाठी तर आपण आहोत. सातव्या पेपराला मी चहाचा कप बाजूला ठेवला. दहाव्याला लाल पेनचं टोपण दातांत धरून चावायला लागले, ही माझी घाणेरडी सवय. चौदावा पाहून झाल्यावर खुर्चीत मागे रेलले आणि खरं सांगते, राग यायच्या आधी क्षणभर मला पोरांचं कौतुकच वाटलं. कॉपी करायची तर अशी करावी, एकही जण फुटला नव्हता. आमच्या संगीतशाळेत स्वरलेखनाची परीक्षा वर्षातून एकदा होते. मास्तर, म्हणजे आमचे पियानो वाजवणारे, घरून एक लहानशी ओळ बांधून आणतात आणि ती कुणाला दाखवत नाहीत, मलाही नाही. वर्गात ती चार वेळा वाजवतात. मुलांनी ती ऐकून कागदावर उतरवायची: कोणता सूर, किती मात्रा, कुठे विराम. मुलं अडू नयेत म्हणून सुरुवातीला मास्तर पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, वाजवतात आणि ही पांढरी एक असं सांगतात, तो आधार धरून पुढचं ओळखायचं. मला आधार लागत नाही. म्हणजे बत्तीस वर्षं लागला नाही. मास्तर आधाराचा सूर देतात तेव्हा मी मुद्दाम खाली जिन्यात जाऊन उभी राहते, दारं लावून घेऊन, आणि तो देऊन झाला की वर येते, पियानोकडे पाठ करून बसते आणि मुलांबरोबर मीही लिहिते. माझा कागद तोच उत्तराचा कागद. दर वर्षी नवी मुलं एकमेकांकडे बघतात, बाईंना न सांगता कळतं म्हणे, आणि मी नाक वर करून लिहीत असते. फुशारकी होती, नाही कशाला म्हणू. तर या वर्षी माझ्या कागदावर ओळ काळी चारपासून सुरू झाली होती आणि चौदा कागदांवर पांढरी पाचपासून. शेजारशेजारच्या पट्ट्या, मध्ये अर्ध्या सुराचं अंतर. तिथून पुढचा एकेक सूरही तसाच, माझ्याहून अर्धा खाली. एक सूर चुकला की शून्य, अर्धे गुण नाहीत, हा नियम माझाच. मी चौदा शून्यं काढली. शेवटची दोन जरा जास्तच गोल आली.

वर्गात गेले तेव्हा पोरं खिडकीशी गोळा होऊन खालच्या बसथांब्यावरच्या कुणाला तरी हाका मारत होती. मला पाहिल्यावर सगळी आपापल्या जागी बसली, आणि मी एकही शब्द न बोलता कागद वाटले. माझं हे न बोलणं त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या भाषेत याला बाईंचा विराम म्हणतात, मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मीच त्यांना शिकवलंय ना, विराम म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे, विरामही मोजायचा असतो, त्याच्याही मात्रा असतात. मोजत बसली बिचारी. मग मी म्हटलं, "चौदा डोकी आणि चूक एक. कोणी सुरुवात केली ते मला नको. सोमवारी यादी लागेल, त्यात कुणाचंही नाव वरच्या वर्गात नसेल. वर्ष पुन्हा काढायचं." पुढच्या बाकावर मोजपट्टी बसते. मोजपट्टी हे तिचं वर्गातलं नाव, कारण ती प्रत्येक व्याख्येखाली पट्टीने रेघ मारते, आणि रेघ तिरकी गेली तर अख्खं पान पुन्हा लिहिते. तेरा वर्षांची आहे. ती उभी राहिली. "बाई, आम्ही एकमेकांचं बघून लिहिलं असं तुम्हाला वाटतं?" मी म्हटलं, "चौदा जण एकच चूक करतात तेव्हा मला काही वाटायची गरज नसते." ती म्हणाली, "बरं," आणि खाली बसली. रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. तिने कागदाची बरोबर मधोमध घडी घातली आणि पट्टीच्या कडेने ती घडी दाबून पक्की केली.

पोरं गेली. मास्तर अजून पियानोपाशीच होते. हा माणूस दिवसाला दहा-बारा शब्द बोलतो, त्यातही "हो" आणि "बरं" धरून, त्यामुळे ते म्हणाले, "बाई, जरा इकडे या," तेव्हा मी पर्स खाली ठेवून लगेच गेले. "इथे उभ्या राहा. माझ्या हाताकडे बघा." मी बघितलं. त्यांचा अंगठा पांढरी पाचवर गेला, आणि मला काळी चार ऐकू आली. पुन्हा. अंगठा पांढऱ्या पट्टीवर, नखाशेजारी शाईचा डाग, पट्टी खाली गेलेली स्वच्छ दिसतेय, आणि कानात काळी. मी हात पुढे करून स्वतः दाबून पाहिली. माझं बोट, माझा कान, आणि दोघांचं एकमत नाही. आपण शेवटची पायरी उतरून गेलो असं समजून पाय टाकतो आणि तिथे आणखी एक पायरी असते, तेव्हा जसं होतं तसं झालं, फक्त ते थांबेना, मी एकेक पट्टी दाबत गेले आणि प्रत्येक वेळी पाय खोल जात राहिला. मास्तरांनी खिशातून ओळीचा कागद काढून माझ्यासमोर धरला. पांढरी पाचपासून सुरू. "कधीपासून?" मी विचारलं, जणू आजार त्यांना झालाय. "मागच्या वर्षी फरक थोडासा होता. तुम्ही सूर लावणाऱ्याला दोनदा परत बोलावलंत, तेव्हा लक्षात आलं." मग बोलला का नाहीत म्हटलं, तर म्हणाले, धीर झाला नाही. आणि मग त्या माणसाने त्याच्या आठवडाभराचे शब्द एका दमात खर्च केले. "यादी मी बदलतो, बाई. पेपर मागच्या वर्षीच्या उत्तराशी ताडले गेले, कागद मी चुकीचा ठेवला होता, असं सांगतो. पोरांना गुण मिळतील. तुमचं कुणाला कळायचं कारण नाही." मी पियानोचं झाकण लावलं. पर्स उचलली, छत्री विसरले, आणि निघाले.

म्हणजे ते सगळं खरं नव्हतं तर. गेले कित्येक महिने मी सगळ्या गावाला नावं ठेवत होते. पियानो चढलाय म्हणून सूर लावणाऱ्या त्या गरीब माणसाला बोलावून बोलावून जीव नकोसा केला. त्याने मुकाट्याने नादकाटा, ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा तो लोखंडी काटा, काढून ठोकला, माझ्या कानाशी धरला आणि म्हणाला, "बघा बाई, जुळतोय," आणि मी, अहाहा, मी त्याला म्हटलं, तुमचा काटाच बिघडलाय. लोखंडाचा तुकडा तो, बिघडतोय कशाला. शेजारच्यांनी दारावरची घंटा बदलली असं मी धरूनच चालले होते, मनातल्या मनात त्यांच्या आवडीला हसलेसुद्धा. बसचं दार उघडताना जो सूर निघतो तो नवीन गाड्या आल्या म्हणून वर गेला असं मी स्वतःला समजावलं होतं. आता बसमध्ये बसले आणि दार उघडलं, मिटलं, उघडलं, आणि मी प्रत्येक वेळी डोळे बंद करून विचारत राहिले, तू नक्की कुठे आहेस बाबा. सूर म्हणजे ठराविक उंचीचा नाद, ही व्याख्या मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिते. ठराविक हा शब्द मी अधोरेखित करायला लावते. पोरं विचारतात, कोणी ठरवलं, आणि मी म्हणते, पुढे शिकाल तेव्हा कळेल, म्हणजे मला माहीत नाही. सप्तक म्हणजे सात पायऱ्यांचा जिना, आठवी पायरी म्हणजे वरच्या मजल्यावरचा तोच सूर. कोमल म्हणजे आपल्या जागेवरून जरा खाली बसलेला, तीव्र म्हणजे जरा वर चढलेला. लहान मुलांना हे सांगताना मी हातवारे करते, गुडघ्यात वाकते, टाचा उंचावते, हसतात मला. आता मीच कायमची टाचा उंचावून उभी होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

माझा हा कान बाबांनी शोधला. बाबा पियानो सुरात लावायचे, घरोघरी जाऊन, चामड्याची एक पिशवी घेऊन. त्यात सूर पिळायची किल्ली, तारा दाबून धरायच्या जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या, ब्रश, आणि खालच्या कप्प्यात जेवणाचा डबा. मी पाच वर्षांची असताना ते भांडी पुसत होते आणि हातातली ताटली नळाला लागली. मी म्हटलं, ही तुमच्या पियानोतली तिसरी काळी. बाबांनी ताटली पुन्हा आपटली. मग पेला आपटला, मग चमचा, मग खिडकीचा गज, आणि आई आतून ओरडेपर्यंत आम्ही अख्खं स्वयंपाकघर वाजवून काढलं. त्या दिवसापासून पाहुणे आले की माझी परीक्षा. कुणी चष्म्याचं घर मिटायचं, कुणी किल्ल्यांचा जुडगा हलवायचा, आणि मी बाहुलीचे केस विंचरत मान वर न करता सांगायचे. बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते पाहुण्यांकडे असे बघायचे की बघा. त्यांना स्वतःलाही तसंच ऐकू यायचं, पण त्याचं त्यांना काही कौतुक नव्हतं. मला येतं याचं होतं. सुट्टीत मला कामावर न्यायचे. लोकांच्या दिवाणखान्यात पियानोचं पोट उघडं पडलेलं असायचं, आतून धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास यायचा, आणि बाबा डोकं आत घालून सांगायचे, "आधी एक सूर नीट लाव. बाकीचे त्याला विचारून विचारून लावायचे. एकट्या सुराला काही अर्थ नसतो गं, दोघांमध्ये अंतर किती, तेच खरं संगीत." हेच वाक्य मी पुढे वहीत घातलं, स्वरांतर या मथळ्याखाली, जरा जड शब्दांत. पोरांना ते पाठ आहे. अर्थ मात्र मलाही अजून पुरता लागला नव्हता, हे त्या बसमध्ये कळलं.

आमचे हे चष्मेवाले. दुकान घराच्याच खालच्या मजल्यावर. सुराचं आणि त्यांचं जन्मात कधी पटलं नाही. दाढी करताना गुणगुणतात ते कुठल्या गाण्यातलं असतं हे गेल्या तीस वर्षांत मला ओळखता आलेलं नाही, आणि मी विचारलं की ते दुखावल्यासारखे म्हणतात, "अगं, तुझंच की, सकाळी तू म्हणत होतीस." लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, तू आणि याच्याबरोबर, कान कसे सहन करतील. सहन केलं बुवा, छान केलं. त्या संध्याकाळी ते काचा पुसत बसले होते. मी म्हटलं, "अहो, मला सगळं अर्धा सूर वर ऐकू येतंय." त्यांनी काच उजेडाकडे धरली. "अर्धा म्हणजे किती?" म्हटलं, एका पट्टीएवढा. "वर आहे ना? मग बरंय की. खाली असता तर काळजी." मी हसले आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनी काच खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची ओढून जवळ बसले. मी सगळं सांगितलं, चौदा शून्यं, मोजपट्टीची घडी, मास्तरांचं म्हणणं. ते म्हणाले, "नंबर वाढला म्हणून दुकानात रोज माणसं येतात माझ्याकडे. कुणी रडत नाही. पूर्वी बसची पाटी लांबून वाचता यायची, आता येत नाही, एवढंच सांगतात." मी म्हटलं, त्यांच्यासाठी तुमच्याकडे काच असते. माझ्यासाठी काय आहे? त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. दुकान अर्धा दिवस बंद ठेवतो." आणि जेवायला वाढताना ताट ओट्याला लागून वाजलं तर चोरासारखे माझ्याकडे बघायला लागले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. काचेच्या खोलीत बसवून कानांवर ते जड डबे चढवले, किणकिण आवाज काढले, मी बटण दाबत गेले. ऐकू येतं तुम्हाला चांगलं, म्हणाल्या, वयाच्या मानाने उत्तमच. सुरांचं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे घेतली. आधाराशिवाय सूर ओळखणाऱ्या काही लोकांना वय झालं की असं होतं, आतली मापं थोडी सरकतात, औषध नाही, धोकाही नाही, बाकीच्यांना सरकलेलं कधी कळतच नाही कारण त्यांच्याकडे मापंच नसतात. हे ऐकून आमचे चष्मेवाले खुलले, आपण धडधाकट असल्यासारखे ताठ बसले. मग त्या बाईंनी कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं असं? आई, वडील?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं चित्र होतं, रंगीत, वळणावळणाचं. मी त्याच्याकडे बघत बसले. ह्यांनी माझ्या वतीने सांगून टाकलं, "नाही, नाही. हिचे वडील तर पियानो सुरात लावायचे." डॉक्टरीणबाईंनी "नाही" असं लिहिलं.

मी सव्वीस वर्षांची होते, शाळेत लागून जेमतेम काही महिने झाले होते. वार्षिक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाबांनी शाळेचा पियानो सुरात लावला. सकाळभर खपत होते, घामाने पाठ भिजलेली. दुपारी बासरीवाला आला, त्याने सूर लावला आणि पियानोशी जुळेना. बासरी काही पिळून खाली आणता येत नाही. पियानो अर्धा सूर उतरलेला होता, सगळाच्या सगळा, पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत. आपसात इतका सुंदर जुळलेला पियानो मी नंतर कधी ऐकला नाही, पण तेव्हा मला ते ऐकायचं नव्हतं. बाबांनी नादकाटा काढून ठोकला, कानाशी धरला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाले, "काटा बिघडलाय." बासरीवाला हसला. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक हसले. नवी नोकरी, नवी साडी, वडील आपले, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. मी म्हटलं, "बाबा, काटा कसा बिघडेल? तुमचे कान गेलेत. पुरे आता." एवढंच, याहून एक शब्द जास्त नाही. त्यांनी किल्ली ब्रशने पुसली, नमद्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, पिशवी बंद केली. संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी येऊन पियानो वर आणला. बाबांनी पिशवी कपाटावर ठेवली ती ठेवलीच. मग जाईपर्यंत अकरा वर्षं ते घरात होते. रेडिओ लागला की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. माझं गाणं असलं तर शेवटच्या रांगेत बसायचे आणि मध्येच बाहेर जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं रुसलेत, मानी माणूस, एक वाक्य धरून बसलाय. आई म्हणायची, जाऊ दे, त्यांना त्रास होतो. कसला त्रास, मी म्हणायचे, बोलले मी एकदा, आता किती वर्षं. त्यांना प्रत्येक गाणं चुकीच्या जागी ऐकू येत होतं, माझंही, आणि ते कुणाचं चुकतंय हे त्यांना ठरवता येत नव्हतं. हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, कानाच्या चित्रासमोर बसून कळलं. रविवारी दिवसभर मी घरात काहीबाही आवरत राहिले. ह्यांनी दाढी करताना गुणगुणणं बंद ठेवलं होतं. मी न्हाणीघराच्या दारावर टकटक केली आणि म्हटलं, म्हणा हो, माझ्यासाठी कुणी गप्प बसायची काही गरज नाही.

सोमवारी मी लवकर गेले. मास्तरांनी बदललेली यादी तयार ठेवली होती, सुंदर अक्षरात, आणि खाली स्वतःच्या चुकीबद्दल दोन ओळी. मी ती यादी घेतली, खालच्या दोन ओळी कात्रीने कापल्या, आणि म्हटलं, "मास्तर, तुमचे उपकार आहेत. पण तुम्ही बसा, बोलते मी." मुलं आली. कुणी खिडकीशी गेलं नाही. बत्तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी पोरं माझ्याकडे डोळे मोठे करून बघत आली ती आता त्यांच्यासमोर काढून ठेवायची होती, आणि त्यानंतर ती मला बाई म्हणणार होती ते कशासाठी, हे मला माहीत नव्हतं. मी सांगितलं. "शुक्रवारी मी तुम्हाला कॉपी केलीत म्हणाले. तुम्ही केली नव्हती. तुमचे चौदाही पेपर बरोबर आहेत. चूक माझ्या कागदात होती. माझा कान आता अर्धा सूर वर ऐकतो. मी तुमची माफी मागते." मग मागच्या बाकावरच्या सगळ्यात लहानाने विचारलं, "बाई, दुखतं का?" नाही रे, म्हटलं, दुखत नाही. दोघं-तिघं हसले, सुटल्यासारखे.

मी माझा कागद मोजपट्टीपुढे ठेवला. "तपास." ती म्हणाली, "मी?" म्हटलं, तूच, नियम माहीत आहे ना. तिने मास्तरांचा कागद मागून घेतला, शेजारी ठेवला, पट्टी आडवी धरली आणि एकेक सूर ताडत गेली. मधेच थांबली, पुन्हा पहिल्यापासून गेली. मला आठवतं, मी तिच्या भांगाकडे बघत होते, किती सरळ पाडलाय. "बाई, मात्रा सगळ्या बरोबर आहेत," ती म्हणाली. "विराम पण बरोबर आहे. सुरांमधली अंतरंसुद्धा सगळी बरोबर. पण सूर सगळे चुकलेत." मग गुण किती, मी विचारलं. तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तिचा नेहमीचा. "शून्य." काढ मग, म्हटलं. तिने पेन्सिलीने कोपऱ्यात एक बारीक शून्य काढलं. मी म्हटलं, पेनने काढ. तिने पेनने काढलं. काय सांगू, त्या क्षणी मला त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. मी शिकवलेलं तिला येत होतं, माझ्याविरुद्धसुद्धा येत होतं.

ती जागेवर गेली नाही, कागद धरून उभीच राहिली. "बाई, तुम्हाला नक्की कसं ऐकू येतं? म्हणजे मास्तरांनी पांढरी एक वाजवली तर?" काळी एक, मी म्हटलं. "आणि पांढरी दोन?" काळी दोन. "नेहमी? कधी जास्त, कधी कमी, असं नाही?" आता नाही, नेहमी अर्धाच. ती विचार करत होती, ओठ हलत होते. "मग सोपं आहे की. अर्धा उतरवून लिहायचं. आमच्या आजीचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, आजोबांनी दिलेलं म्हणून ती दुरुस्त करू देत नाही. आम्ही सगळे वजा करतो, कुणालाच काही वाटत नाही." वर्गाला ते एकदम पटलं. मास्तरांनीही मान हलवली. इतकं साधं होतं ते, तेरा वर्षांच्या पोरीने उभ्या उभ्या सोडवलेलं वजाबाकीचं गणित. मोजपट्टीने विचारलं, "असं आणखी कुणाला होतं का, बाई?" मी म्हटलं, माझ्या बाबांना झालं होतं. ते पियानो सुरात लावायचे. "मग ते वजा करायचे?"

"नाही. ते काम सोडून घरी बसले."

"का? त्यांना कुणी सांगितलं नाही, वजा करा म्हणून?"

"कुणी नाही सांगितलं."

तिने हातातला कागद खाली ठेवला. मग हळू आवाजात, मला वाट करून दिल्यासारखी म्हणाली, "तुम्हाला तेव्हा हे माहीतच नसेल ना, बाई."

"नव्हतं," मी म्हटलं. "पण तू मला आत्ता विचारलंस ना, कसं ऐकू येतं म्हणून. तेवढं मी बाबांना कधी विचारलं नाही."